हलत्या चित्राची रीतभात

पीएनजी जातीची कुठलीही फाइल बाइट-बाइट उलगडून पाहिली, की तोंडाशी आठ आकडे बसलेले दिसतात : 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10. यात चित्राचा कणही नाही. तरी रसिकानं घाईनं पुढं जाऊ नये, कारण या फाइलीचा स्वभाव इथंच कळायला लागतो. 137 हा आकडा मुद्दाम 127 च्या वरचा निवडलाय. जुन्या काळात काही दळणवळणाच्या व्यवस्था बाइटातला आठवा बिट खाऊन टाकत. तसं झालं तर 137 चा 9 होतो आणि माल वाटेत बिघडला हे पहिल्याच पावलाला कळतं. 80, 78, 71 म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. 13 आणि 10 ही ओळ संपल्याची जोडखूण. एखाद्या शहाण्या प्रोग्रामनं चित्राला मजकूर समजून त्याच्या ओळी 'सुधारल्या' तर ही जोडी मोडते. 26 दिसला की डॉसच्या जमान्यातला संगणक फाइल पडद्यावर ओतायची थांबवत असे, म्हणून चुकून उघडणाऱ्याच्या अंगावर कचरा येत नसे. शेवटचा एकटा 10 उलट दिशेची सुधारणा पकडतो. आठ बाइटांत एवढ्या अपघातांचा बंदोबस्त! ज्यांनी हे लिहिलं त्यांना जग चांगलं ठाऊक होतं. आपली फाइल कुणाकुणाच्या हातून जाणार आणि ते हात तिचं काय काय करणार, याचा त्यांनी बसून विचार केला होता.

हा लेख पीएनजीच्या हलत्या भावंडाबद्दल आहे. त्याचं नाव एपीएनजी. वेबवर हलणारी चित्रं दाखवायची ही खुली रचना. कुणाची मालकी नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. आपल्याकडं हलणारं चित्र म्हटलं की सरसकट 'जीआयएफ' म्हणतात. माझी पुतणी यावर चिडते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला आमच्या घरची द्राक्षबाग आहे, तिथल्या एका वेलीची छाटणी ते काढणी अशी 120 दिवसांची कथा तिनं रोजच्या फोटोवरून गिरवून 120 रेखाटनांत उतरवली आणि त्यांची एक फाइल केली. "काका, जीआयएफ म्हणू नका हं हिला," असं बजावूनच तिनं ती माझ्या हवाली केली. रसग्रहणाला हाताशी संहिता लागते. माझी संहिता हीच.

आधी बांधणी. त्या आठ आकड्यांनंतर फाइल चंकांनी बनते. दिंडोरीच्या वाचकाला चंक समजवायला फार लांब जायला नको, निर्यातीच्या द्राक्षाची पेटी डोळ्यापुढं आणली की झालं : बाहेर वजन, मग जात, आत माल, आणि शेवटी माल कुणी बदलला नाही हे ताडून पाहायला एक क्रमांक. चंकातही आधी 4 बाइटांत लांबी, मग 4 अक्षरांचं नाव, मग ऐवज, मग 4 बाइटांची पडताळणी. वाचणाऱ्या प्रोग्रामला नाव ओळखीचं वाटलं तर त्यानं आतला ऐवज घ्यावा. नाही वाटलं तर लांबी मोजून तेवढं अंतर ओलांडून पुढं जावं.

खरी कारागिरी त्या चार अक्षरी नावात आहे. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दोन वळणं असतात, आपल्या देवनागरीत ती सोय नाही. पीएनजीच्या कर्त्यांनी या वळणांना कामाला लावलं. नावाचं पहिलं अक्षर मोठं असेल तर हा चंक अत्यावश्यक. तो कळत नसेल तर चित्र दाखवू नका. लहान असेल तर पूरक; नाही कळला तरी बिघडत नाही. शेवटचं अक्षर लहान असेल तर याचा अर्थ, चित्रात फेरफार केलात तरी मला तसंच पुढं नेलंत तर चालेल. मोठं असेल तर याचा अर्थ, तुम्ही मला ओळखत नसाल आणि चित्राला हात लावला असेल, तर मला टाकून द्या. तिसरं अक्षर भविष्यासाठी राखून ठेवलंय, ते मोठंच लिहायचं. दुसऱ्या अक्षराकडं नंतर येतो, त्याला एक वेगळी गोष्ट चिकटलेली आहे.

एपीएनजीनं या व्यवस्थेत तीनच नवे चंक घातले. एसीटीएल सांगतो की हे चित्र हलतं, त्यात फ्रेमा किती आणि ते किती वेळा फिरवायचं. एफसीटीएल प्रत्येक फ्रेमेच्या आधी येतो : फ्रेम केवढी, कुठं बसवायची, किती वेळ ठेवायची, मग तिचं काय करायचं. एफडीएटी म्हणजे फ्रेमेचा प्रत्यक्ष ऐवज. तिन्हींच्या नावांचं पहिलं अक्षर लहान, शेवटचं मोठं. एवढ्यावरून केवढं साधलं पाहा. ज्या जुन्या प्रोग्रामला हालचाल ठाऊकच नाही, तो हे तिन्ही चंक ओलांडतो आणि मूळचं स्थिर चित्र शांतपणे दाखवतो. 'फाइल उघडता येत नाही' असं त्याला कधीच म्हणावं लागत नाही. आणि एखाद्या जुन्या संपादकात ते स्थिर चित्र कुणी कापलं, रंगवलं, तर तो संपादक न कळणारे हे चंक टाकून देतो. त्यामुळं वर नवं चित्र आणि आत जुनी हालचाल, अशी खिचडी होत नाही. माहीत नसलेल्याच्या अज्ञानालाही इथं एक काम नेमून दिलंय.

आता पुतणीची फाइल. चित्राची चौकट 480 बाय 640. एसीटीएलमध्ये फ्रेमांची संख्या 126. रेखाटनं तर 120, मग ही 126 कुठून आली? याचं उत्तर बागेतच आहे. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर काडीवर पेस्टिंग होतं आणि आठवडाभर डोळ्यांना दिसेल असं काहीही घडत नाही. बागायतदाराच्या जिवाला मात्र घोर लागलेला असतो. पहिली सात रेखाटनं एकसारखीच, म्हणून फाइल बांधणाऱ्या प्रोग्रामनं त्यांची एकच फ्रेम केली आणि तिचा मुक्काम सातपट वाढवला. राहिल्या 114. मग फवारणीच्या दिवशी वेलीवर धुक्यासारखा तुषार दाखवायला प्रत्येकी एक जादा फ्रेम, अशा 12. झाल्या 126. (खऱ्या बागेत फवारण्या याहून किती जास्त होतात ते औषधाच्या दुकानदाराला विचारा. चित्रात बारा पुरेत.)

मला सगळ्यात मोहवून गेलं ते एफसीटीएलमधलं आकड्यांचं वाचन. प्रत्येक फ्रेमेनं आख्खी चौकट भरायची गरज नाही, जेवढा आयत बदलला तेवढाच साठवायचा. त्यामुळं चित्र न पाहता नुसते रुंदी-उंचीचे आकडे खाली-खाली वाचत गेलं तरी वेल वाढताना कळते. सात दिवसांच्या त्या लांब मुक्कामानंतर पहिला आयत येतो तो जेमतेम 22 बाय 18 चा : डोळा फुगलाय. मग पोंगा बाहेर पडतो, आयत थोडा उंच होतो. पोपटी पानं उलगडली की तो रुंदावतो, आणि महिन्याभरात जवळजवळ आख्खी चौकट व्यापतो, कारण आता रोज सगळीकडंच काही ना काही वाढतंय. शेंडा मारला की उंची एकदम आवरते. पुढं मण्यांत पाणी उतरायला लागलं, की पानं होती तशी राहतात, बदल फक्त घडात होतो आणि आयत पुन्हा आकसून घडाभोवती येऊन बसतो. थॉमसन जातीच्या मण्याचा हिरवा रंग पिवळसर झिलईकडं सरकतो, तेवढंच शेवटच्या फ्रेमांत साठवलेलं आहे. बागेच्या नोंदवहीत 'आज बेचाळिसावा दिवस' असं लिहून जे समजतं, ते इथं चार आकड्यांत मिळतं. हे कुणी सौंदर्यासाठी केलेलं नाही, जागा वाचवण्यासाठी केलंय. तरी काटकसर इतकी नेमकी झाली की तिच्यातून विषयाचा आकार उमटला.

साधारण अठराव्या-विसाव्या दिवशी एक छोटी घटना घडते. फेलफूट काढतात. ज्या फुटीवर घड नाही ती हातानं मोडून टाकायची, म्हणजे चित्रात कालपर्यंत असलेली हिरवी फूट आज नाहीशी व्हायला हवी. हालचालीच्या चित्रांत काही आणणं सोपं असतं, पुसणं अवघड. नवी फ्रेम जुनीवर दोन प्रकारे बसवता येते. एका प्रकारात नव्या फ्रेमेचा पारदर्शक भाग खालचं जुनं दिसू देतो. दुसऱ्या प्रकारात नवी फ्रेम आपल्या आयतात खालचं सगळं बाजूला सारते, पारदर्शक ठिपक्यांसकट. फेलफूट काढायची तर दुसराच प्रकार हवा, पहिल्यात मोडलेली फूट भुतासारखी लटकत राहील. पुतणीच्या फाइलीत त्या दिवशीच्या एफसीटीएलचा शेवटचा बाइट 0 आहे, म्हणजे 'खालचं हटवून बस'.

तुषाराच्या फ्रेमांत बरोबर उलटं. तिथं तोच बाइट 1, म्हणजे 'खालचं दिसू दे'. आणि त्याच्या आधीचा बाइट 2, म्हणजे 'काम झालं की मागची स्थिती होती तशी परत ठेव'. अर्धपारदर्शक पांढुरका पट्टा वेलीवर येतो, पानं त्यातून फिकट दिसतात आणि पुढच्या फ्रेमेला तो गेलेला असतो. वेलीच्या एकाही ठिपक्याला धक्का नाही. हे रंगवायला तिला वेल पुन्हा काढावी लागली नाही. 'जसं होतं तसं परत ठेव' ही सूचना रचनेतच असणं मला फार आवडलं. एखादी गोष्ट इतकी माफक आणि इतकी उपयोगी असते, की ती नसली तरच तिची आठवण होते.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. फ्रेमेचा मुक्काम एपीएनजी अपूर्णांकात मागते : वर अंश, खाली छेद. रोजच्या रेखाटनाला 1/12 सेकंद. पहिल्या सात दिवसांच्या फ्रेमेला 7/12. फवारणीच्या दिवशी वेलीची वाढ 1/24 आणि तुषार 1/24, दोन्ही मिळून पुन्हा 1/12. सगळ्याची बेरीज बरोबर 10 सेकंद, एका कणाचीही भर नाही की तूट नाही. जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत, पूर्णांकातच द्यावी लागते. 1/12 म्हणजे सव्वाआठाच्या किंचित वर. ते तिथं बसत नाही. आठ घ्यायचे की नऊ, असा प्रश्न पडतो आणि लय थोडी इकडंतिकडं होते. बहुतेकांना हे जाणवत नाही. ज्याला जाणवतं त्याला मात्र सोसत नाही.

फाइलीला एक गोष्ट अजिबात ठाऊक नाही, ती म्हणजे दोन रेखाटनांमध्ये प्रत्यक्षात चोवीस तास गेलेत. दाखवायचा वेळ तिथं आहे, घडायचा वेळ नाही. हा खेळ आपल्या जिल्ह्याला नवा नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी 1912 साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावला होता. महिन्याहून जास्त दिवसांचं चित्रण दाखवताना मिनिटभराचं झालं. बी रुजलं, कोंब आला, वेल चढली. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, आणि भांडवल घालणाऱ्याला खात्री पटवायला त्यांनी देवादिकांची कथा घेतली नाही, वाटाण्याचं झाड घेतलं! पुढं 1915 च्या सुमाराला 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी निर्जीव काड्या हलवल्या. एकेक चौकट हातानं टिपायची, मधला काळ गाळायचा आणि गाळलेलं दिसणार नाही अशा वेगानं दाखवायचं, हे कसब तेव्हाचंच. पुतणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझी फाइल नातीच्या नात्यानं लागते त्यांना." लागत असेल.

जीआयएफला मी नावं ठेवतोय असं वाटू नये. अमेरिकेतल्या काँप्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली 1987 साली ती घडली, आणि पुष्कळ कामांना ती आजही चोख आहे. त्याचा दाखला दिंडोरीतच रोज पाहायला मिळतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाच्या ढगांचं जे फिरतं चित्र असतं ते जीआयएफ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोऱ्याच्या तोंडावर, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चात माल काढणीला आला की, आमच्याकडं निम्मा तालुका ते चित्र पाहत असतो. अवकाळी आला तर फुलोऱ्यातल्या बागेत कुज आणि डाउनी. तयार मालावर आला तर मणी तडकणार. अरबी समुद्रात पांढरा गोळा वळतोय, त्याची शेपटी कोकणावरून घाट चढून नाशिककडं येतेय, हे एका स्थिर चित्रातून कळत नाही. अर्ध्या अर्ध्या तासाची चित्रं एकामागून एक फिरली की कळतं. मग शेवटच्या चित्रावरून पहिल्यावर झटका बसतो आणि ढग पुन्हा समुद्रात जाऊन उभे राहतात. पाहणाऱ्याला त्या झटक्याची सवय झालेली असते. "ये, परत पहिल्यापासून दाखव," असं फोनला कुणी सांगत नाही, तो आपणच दाखवतो.

10.8 मायक्रॉनच्या अवरक्त किरणांत घेतलेलं ते चित्र करड्या छटांचं. एका ठिपक्याखाली 4 किलोमीटर मुलूख येतो, दिंडोरी गाव जवळजवळ एका ठिपक्यात बसतं. जीआयएफमध्ये एका फ्रेमेला 256 रंगांची मर्यादा आहे, आणि करड्या छटांना तेवढ्या जवळजवळ पुरतात. किनारा आणि राज्यांच्या सीमा रंगीत रेघांनी काढल्या की त्यातल्या दोन-चार जातात, तेवढंच. इथं एपीएनजी आणून मोठी कमाई होईल असं मला वाटत नाही.

अडतं ते कडांना. दिंडोरी म्हटलं की कुणाला द्राक्षं आठवतात, कुणाला स्वामी समर्थांचं केंद्र. सकाळी फोनवर येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांत महाराजांच्या मागं प्रभा फिरत असते, पुढं समई तेवत असते. ते चित्र कुणीतरी पांढऱ्या पटावर बनवलेलं असतं आणि दुसऱ्या कुणीतरी ते भगव्यावर चिकटवतं. मग ज्योतीच्या कडेनं पांढऱ्या दातेरी ठिपक्यांची झालर दिसते. दोष त्या हौशी माणसाचा नव्हे. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण असतो नाही तर अजिबात नसतो, मधलं काही नाही. आणि प्रभा तर सगळी मधलीच असते! आतून बाहेर हलकी हलकी होत विरून जाणं, हाच तिचा गुण. एपीएनजीत प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या मिळतात. ज्योतीची कड कुठल्याही पटावर त्या पटात मुरते. पुतणीच्या फाइलीतला तो तुषार म्हणूनच शक्य झाला.

तोटेही सांगायला हवेत, नाहीतर हे रसग्रहण न राहता जाहिरात होईल. ही रचना एकही ठिपका गाळत नाही, फ्रेमाफ्रेमांतलं साम्य हेरून व्हिडिओसारखी दाट घडीही घालत नाही. त्यामुळं सपाट रंगांची रेखाटनं हिला मानवतात, फोटो नाहीत. रोजचे 120 फोटो पुतणीनं तसेच भरले असते तर फाइल इतकी फुगली असती की गावातल्या नेटवर्कवर ती उतरेपर्यंत पुढची छाटणी आली असती. गिरवणं ही तिची हौस होती तशीच गरजही होती. आवाज नाही, मधूनच सुरू करायची सोय नाही. आणि एकूण फ्रेमा किती हे सुरुवातीलाच, चित्राच्या आधी सांगावं लागतं, म्हणजे चालत्या घटनेचं चित्र घडेल तसं ओतत राहणं हिला जमत नाही.

थोडी वंशावळ. जीआयएफच्या पोटात दाबणीची जी एलझेडडब्ल्यू पद्धत होती तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडं होतं, आणि 1994 च्या डिसेंबरात शुल्काची घोषणा झाली. आठवडाभरात, 1995 च्या जानेवारीत, थॉमस बुटेल यांनी पर्यायी रचनेचा पहिला मसुदा मांडला. त्यातून पीएनजी झाली आणि 1996 च्या ऑक्टोबरात वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं तिला मान्यता दिली. पीएनजीनं ठरवून एकच चित्र धरलं. हालचालीसाठी एमएनजी नावाची वेगळी रचना आखली गेली. ती 2001 साली पुरी झाली तेव्हा तिच्यात इतकं काही घातलेलं होतं की ब्राउझरांना तिचं ओझं झालं, आणि मोझिलानं 2003 मध्ये ती काढून टाकली. दुसऱ्या वर्षी मोझिलातल्याच स्टुअर्ट पार्मेंटर आणि व्लादिमिर वुकिचेविच यांनी तीन चंकांचा हा आटोपशीर उपाय मांडला. पान उघडेपर्यंत फिरत राहणाऱ्या चक्रासारख्या छोट्या चित्रांसाठी त्यांना तो हवा होता.

पीएनजीच्या मंडळींनी 2007 च्या एप्रिलमध्ये तो नाकारला. आज मागं वळून त्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पीएनजी म्हणजे एक स्थिर चित्र, हे वचन होतं. एकाच नावाखाली हलणारी आणि न हलणारी अशा दोन्ही फाइली यायला लागल्या तर प्रोग्रामला उघडण्याआधी काय कळणार? हालचालीसाठी वेगळं घर बांधलेलं असताना याच घरात पोटमाळा कशाला? तत्त्वाचा माणूस असंच बोलेल. मला स्वतःला मात्र एपीएनजीची बाजू पटते, आणि ती ज्या कारणासाठी नाकारली गेली त्याच कारणासाठी पटते. वेगळ्या घरात राहणारी रचना न कळणाऱ्याच्या दारात आली की दार बंदच होतं. ही आत येते आणि निदान स्थिर चित्र तरी ठेवून जाते.

पुतणीनं याचा जो उपयोग केला तो कारागिराचा. एपीएनजीत स्थिर दाखवायचं चित्र आणि हालचालीची पहिली फ्रेम एकच असली पाहिजे असं नाही. पहिली फ्रेम म्हणजे छाटलेली उघडी काडी. ज्याला हालचाल दिसणार नाही त्यानं ती का पाहावी? तिनं स्थिर चित्र म्हणून पिकल्या घडांची वेल ठेवली, आणि तिच्या आधी एफसीटीएल घातलाच नाही, म्हणजे ते हालचालीत मोजलं जात नाही. शिवाय फेऱ्यांची संख्या 1. वेल एकदा वाढते, पिकते, थांबते. ढगांसारखी झटक्यानं मागं जात नाही. निरोप पाठवायच्या बऱ्याच अॅपांत चित्र वाटेत पुन्हा बांधलं जातं आणि हालचाल गळते, तिथंही समोरच्याला घडच दिसतात. 10 सेकंद पाहणारा आणि काहीच हलताना न दिसलेला, दोघंही शेवटी एकाच चित्रापाशी येतात. त्यासाठी एक आख्खं चित्र जास्तीचं साठवावं लागलं, आणि जागेसाठी इतकी चिकट असलेली ती फाइल इथं सढळ झाली.

फेऱ्यांवरून एक गंमत. जीआयएफच्या मूळ रचनेत चित्र पुनःपुन्हा फिरवायची सोयच नव्हती. ती नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीनं आपल्या नावाची चिठ्ठी फाइलीत घालून केली. नेटस्केप कधीच गेला. फिरत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जीआयएफमध्ये, आपल्या ढगांच्या आणि सुप्रभाताच्यासुद्धा, 'नेटस्केप 2.0' ही अक्षरं आजही असतात.

एपीएनजीलाही तसाच एक वण आहे, आणि तो त्या राहिलेल्या दुसऱ्या अक्षरात आहे. चंकाच्या नावाचं दुसरं अक्षर मोठं असेल तर तो चंक सार्वजनिक, मंडळानं नोंदलेला. लहान असेल तर खासगी, कुणीतरी आपल्यापुरता घातलेला. एसीटीएल, एफसीटीएल, एफडीएटी या तिन्हींत ते लहान आहे. मंजुरी नव्हतीच, तेव्हा दुसरं काय लिहिणार? फायरफॉक्सनं 2008 मध्ये मंजुरीची वाट न पाहता ती दाखवायला सुरुवात केली, सफारीनं 2014 मध्ये, क्रोमनं 2017 मध्ये. आणि 24 जून 2025 ला डब्ल्यूथ्रीसीनं पीएनजीची तिसरी आवृत्ती मानक म्हणून जाहीर केली तेव्हा तिच्यात एपीएनजी रीतसर आत आली. आता ती जगजाहीर आहे. पण दुसरं अक्षर मोठं केलं असतं तर ते वेगळं नाव झालं असतं, आणि तोवर बनलेल्या सगळ्या फाइलींची हालचाल नव्या वाचकांना कळेनाशी झाली असती. म्हणून मानकातही ते अक्षर लहानच ठेवलंय, आणि पुतणीच्या फाइलीत ते 126 एफसीटीएल, 126 एफडीएटी आणि एका एसीटीएलमध्ये मिळून 253 वेळा आलेलं आहे.